५६ अंशांचा आकडा, वळवाची सर आणि पेरणी : मेअखेरच्या बदलत्या हवामानात निर्णय कसे घ्यावेत?

३० मे २०२४ रोजी नागपुरातील रामदासपेठेच्या स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश सेल्सिअस कमाल तापमान दाखविले. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या मोकळ्या शेतजमिनीवरचे हे केंद्र आहे. शहरातील आणखी एका केंद्रावर ५० अंशांच्या पुढचा आकडा आला. बाकीच्या केंद्रांवर मात्र पारा ४४-४५ अंशांच्या आसपास होता. मोबाइलवर ५६ चा आकडा तासाभरात सगळीकडे फिरला. पुढे भारतीय हवामान विभागाच्या नागपूर येथील प्रादेशिक केंद्राने खुलासा केला, की सेन्सरमधील बिघाडामुळे ही नोंद चुकीची आली होती.

त्याच्या आदल्याच दिवशी, २९ मे रोजी, दिल्लीतील मुंगेशपूर केंद्रावर ५२.९ अंशांची नोंद झाली होती. तपासणीनंतर तेथील सेन्सर सुमारे ३ अंश जास्त दाखवत असल्याचे हवामान विभागाने सांगितले. विशेष म्हणजे त्याच दिवशी दुपारनंतर दिल्लीच्या काही भागांत पावसाची सरही आली. एकाच दिवशी होरपळवणारे ऊन, वारा आणि पाऊस असा हा आठवडा उत्तरेच्या मैदानी प्रदेशात असतो, तसाच आपल्या विदर्भातही असतो. आपण त्याला नवतपा म्हणतो. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो, तेव्हापासूनचे हे नऊ दिवस.

नेमक्या याच दिवसांत शेतकऱ्याला मोठे निर्णय घ्यावे लागतात. कपाशीची धूळपेरणी करावी का? मृग बहाराचा ताण तुटला का? शेतात पडलेला भुईमूग आज उचलावा की उद्या? असे निर्णय एका आकड्यावर किंवा एका सरीवर घेतले, तर नुकसान होते. आकडा कुठे मोजला, कसा मोजला आणि आपल्या वावरात प्रत्यक्ष काय आहे, हे पाहून निर्णय कसा घ्यायचा, ते या लेखात पाहू.

आकडा खरा की खोटा? तीन सोप्या कसोट्या

हवामानाचा कोणताही आकडा कानावर आला, की पुढील तीन गोष्टी तपासा. यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही.

१) आजवरच्या उच्चांकाशी तुलना : नागपूरचे आजवरचे सर्वाधिक तापमान ४७.९ अंश असून ते २३ मे २०१३ रोजी नोंदले गेले. भारतातील उच्चांक ५१ अंशांचा आहे. तो राजस्थानातील फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी नोंदला गेला. अमेरिकेतील डेथ व्हॅली येथे १९१३ साली नोंदलेला ५६.७ अंश हा जगातील उच्चांक मानला जातो. नागपुरात ५६ अंश म्हणजे शहराचा उच्चांक एका दिवसात ८ अंशांनी मोडला, असा त्याचा अर्थ होतो. उच्चांक मोडतात, पण बहुतेक वेळा ते एखाद्या अंशाने मोडतात, आठ अंशांनी नाही.

२) शेजारच्या केंद्रांशी तुलना : उष्णता ही मोठ्या प्रदेशावर पसरलेली असते. दहा-वीस किलोमीटरवरच्या सपाट भागात एक-दोन अंशांचा, फार तर तीन अंशांचा फरक पडू शकतो. एकाच शहरात १०-१२ अंशांचा फरक दिसला, तर यंत्राकडे बोट दाखवावे. पावसाचे मात्र उलट असते. एका गावात ३० मिलिमीटर आणि तीन किलोमीटरवरच्या गावात शून्य, हे उन्हाळी पावसात रोजचेच आहे. म्हणून शेजारच्या केंद्राची कसोटी तापमानाला लावा, पावसाला लावू नका.

३) घड्याळाशी तुलना : तापमान सकाळपासून हळूहळू चढते, दुपारी अडीच ते चारच्या दरम्यान सर्वाधिक होते आणि मग उतरते. पाऊस किंवा वादळी वारा नसताना ते मध्येच एकदम पाच-सहा अंशांनी उडी मारत असेल, तर ती नोंद संशयास्पद समजावी.

केंद्राचे तापमान आणि वावराचे तापमान

‘केंद्र ४५ सांगते, पण माझ्या शेतात तर ५० च्या वर आहे,’ असे अनेक शेतकरी म्हणतात. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी खऱ्या असू शकतात, कारण दोघे वेगवेगळ्या गोष्टी मोजत असतात.

हवामान विभागाचे तापमान म्हणजे सावलीतल्या हवेचे तापमान. तापमापक पांढऱ्या, झडपांच्या, हवा खेळती राहील अशा पेटीत किंवा कवचात असतो. तो जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटर उंचीवर ठेवलेला असतो आणि थेट ऊन त्याला लागत नाही. उन्हात ठेवलेला तापमापक, गाडीच्या काचेमागचा आकडा किंवा टिनाच्या छपराखालचे तापमान हे हवेचे तापमान नव्हे. मोबाइलमधील काही ॲप तर मोजलेला आकडा दाखवतच नाहीत. ते संगणकाने काढलेला अंदाज किंवा शरीराला जाणवणारी उष्णता दाखवतात.

काळ्या, उघड्या जमिनीचा पृष्ठभाग मात्र हवेपेक्षा बराच जास्त तापतो. हवा ४४-४५ अंशांवर असताना दुपारी काळ्या मातीचा वरचा थर ६० अंशांच्या घरात जाऊ शकतो. पिकाच्या दृष्टीने हा आकडा फार महत्त्वाचा आहे. उथळ पडलेले बियाणे, नुकतेच उगवलेले रोप आणि संत्र्याच्या वरच्या थरातील तंतुमय मुळे याच थरात असतात. म्हणून आच्छादनाचा आग्रह धरला जातो. बातमीतल्या ४५ किंवा ५६ अंशांवर आपले नियंत्रण नाही. झाडाखालच्या मातीचे तापमान मात्र कुटाराच्या थराने आपण खाली आणू शकतो.

उष्णतेची लाट जाहीर करण्याचेही निकष ठरलेले आहेत. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश असावे आणि ते सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी जास्त असावे, तेव्हा उष्णतेची लाट मानली जाते. सरासरी काहीही असली, तरी प्रत्यक्ष तापमान ४५ अंशांवर गेल्यास लाट आणि ४७ अंशांवर गेल्यास तीव्र लाट समजतात. मेअखेरीस नागपूरचे सरासरी कमाल तापमान ४३ अंशांच्या आसपास असते. त्यामुळे आपल्याकडे ४३ अंश हा त्रासदायक, पण नेहमीचा दिवस आहे. पिकाच्या आणि माणसाच्या बाबतीत खरी काळजी ४५ च्या पुढे आणि रात्रही तापलेली राहिली तर करायची.

या आठवड्यात हवा इतकी का बदलते?

मे महिन्यात विदर्भ दोन वाऱ्यांच्या सीमेवर असतो. वायव्येकडून, म्हणजे राजस्थान आणि मध्य प्रदेशाकडून, कोरडा आणि तापलेला वारा येतो. बंगालच्या उपसागरावरून आणि अरबी समुद्रावरून दमट वारा येतो. सीमा आपल्या दक्षिणेला किंवा पूर्वेला सरकली, की झळा लागतात. ती उत्तरेला किंवा पश्चिमेला सरकली, की हवा कोंदट होते आणि दुपारनंतर ढग भरून येतात.

तापलेली जमीन हवेला वर ढकलते. त्या हवेत बाष्प असेल, तर दोन-तीन तासांत उंच ढग तयार होतात. ढगातून पडणारा पाऊस खालच्या कोरड्या हवेतून येताना अर्धा-अधिक वाटेतच सुकतो. त्यामुळे तिथली हवा एकदम थंड आणि जड होऊन जमिनीवर आदळते व चारही बाजूंना धावते. पाऊस येण्याआधी धुळीचे लोट आणि सोसाट्याचा वारा येतो, तो यामुळे. तापमान तासाभरात ८-१० अंशांनी उतरते. पाऊस मात्र कधी जोरदार पडतो, कधी नुसते शिंतोडे पडतात.

दुसऱ्या दिवशी पुन्हा ऊन तापते आणि जमिनीतला ओलावा हवेत आल्याने उकाडा वाढतो. हा पाऊस मान्सूनचा नव्हे. मान्सून येतो तेव्हा वारा नैर्ऋत्य-पश्चिमेचा स्थिर होतो, ढग दिवसभर राहतात आणि पाऊस मोठ्या प्रदेशावर अनेक दिवस पडतो. दुपारी साडेचारला गर्जत आलेला आणि साडेपाचला थांबलेला पाऊस हा वळवाचा पाऊस असतो.

अंदाजाची भाषा समजून घ्या

अंदाजात वापरलेल्या शब्दांना ठरलेला अर्थ आहे.

- तुरळक ठिकाणी : जिल्ह्यातील किंवा विभागातील २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस. म्हणजे चारपैकी एका ठिकाणी पडेल, तीन ठिकाणी पडणार नाही.
- काही ठिकाणी : २६ ते ५० टक्के केंद्रांवर.
- बऱ्याच ठिकाणी : ५१ ते ७५ टक्के केंद्रांवर.
- बहुतांश ठिकाणी : ७६ टक्के किंवा जास्त केंद्रांवर.

‘तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह हलका पाऊस’ हा अंदाज वाचून पेरणीची तयारी करणे चुकीचे आहे. काढलेला माल झाकण्यासाठी मात्र तोच अंदाज पुरेसा आहे. एकच अंदाज एका कामासाठी पुरेसा असतो आणि दुसऱ्या कामासाठी अपुरा असतो. झाकून ठेवलेला माल कोरडाच राहिला, तर तुमचे तासाभराचे कष्ट वाया जातात. पेरलेले बियाणे कोरडे राहिले, तर हंगाम मागे पडतो. निर्णय चुकला तर किती तोटा होईल, हे पाहून अंदाजाला वजन द्यावे.

रंगांचे इशारेही असेच समजून घ्यावेत. हिरवा म्हणजे काळजी नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे तातडीने कृती करा. जिल्ह्यासाठी पाच दिवसांचा अंदाज आणि त्यावर आधारित कृषी सल्ला दर मंगळवारी व शुक्रवारी प्रसिद्ध होतो. मेघदूत ॲपवर तो मराठीत मिळतो. पुढील दोन-तीन आठवड्यांचा कल सांगणारा विस्तारित अंदाज दर गुरुवारी येतो. पेरणीचे नियोजन करताना तो पाहावा. विजांचा ढग नेमका कोणत्या तालुक्यावर येणार, हे मात्र दोन-तीन तास आधीच कळू शकते. त्यासाठी तीन तासांचा तात्काळ इशारा आणि दामिनी ॲप उपयोगी पडते.

पावसाचा आकडा : तुमच्या वावरात किती पडला?

१ मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर १ लिटर पाणी, म्हणजेच एकरी सुमारे ४,००० लिटर. ऐकायला हे खूप वाटते. पण मेअखेरीस उन्हाळी बाष्पीभवन दिवसाला १० मिलिमीटरपेक्षाही जास्त असते. १५-२० मिलिमीटरच्या सरीने काळ्या जमिनीचा वरचा थर भिजतो आणि दोन-तीन दिवसांच्या उन्हात पुन्हा कोरडा होतो. जमिनीला भेगा असतील, तर काही पाणी भेगांतून खाली जाते. वर ओले, मध्ये कोरडे आणि भेगेत ओले अशी विषम स्थिती राहते. अशा जमिनीत काही बी उगवते आणि काही सडते किंवा कोरडेच राहते.

महसूल मंडळाचे पर्जन्यमापक तुमच्या शेतापासून पाच-दहा किलोमीटरवर असू शकते. उन्हाळी ढग त्याहून लहान असतो. म्हणून शेतात स्वतःचे साधे पर्जन्यमापक असावे.

- वरपासून खालपर्यंत सारख्या रुंदीचा, सपाट तळाचा डबा घ्यावा.
- झाड, घर, गोठा यांच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर तो मोकळ्या जागी, वाऱ्याने पडणार नाही असा बसवावा.
- आतल्या पाण्याची खोली पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजावी. तोच तुमचा पाऊस.
- रोज सकाळी साडेआठला मोजून वहीत लिहावे व डबा रिकामा करावा. हवामान विभागाची चोवीस तासांची नोंदही याच वेळी घेतली जाते, त्यामुळे तुलना करता येते.
- दुपारनंतर सर येऊन गेली असेल, तर लगेचही मोजून ठेवावे. उकाड्यात पाणी उडते.

मोजमापानंतर जमीन पाहावी. सर आल्याच्या दुसऱ्या दिवशी शेतात चार-पाच ठिकाणी खुरप्याने किंवा कुदळीने वीतभर खोल खणावे. ओलीची रेषा कुठे थांबते ते पाहावे. खालच्या मातीची मूठ वळली तर ओल पोहोचली आहे. माती भुरभुरीत राहिली, तर वरचा पाऊस फसवा आहे.

पेरणी : सर्वांत महागडी घाई

नागपुरात ५६ चा आकडा फिरत होता, त्याच दिवशी म्हणजे ३० मे २०२४ रोजी मान्सून केरळात दाखल झाला. ‘मान्सून आला’ ही बातमी ऐकून आपल्याकडेही पेरणीची लगबग सुरू होते. पण केरळ ते विदर्भ हे अंतर साधारणपणे दोन आठवड्यांचे असते आणि वाटेत मान्सून अडूही शकतो. २०२४ मध्ये जूनच्या मध्यात त्याची वाटचाल मंदावली. २०२५ मध्ये तर तो २४ मे रोजीच केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोहोचला. पण मेअखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत तो थबकला आणि विदर्भाच्या बहुतांश भागाला जूनच्या मध्यापर्यंत वाट पाहावी लागली. लवकर आलेल्या मान्सूनमुळे आपल्या गावातील पेरणीचा मुहूर्त लवकर येतोच असे नाही.

दुबार पेरणीचा हिशेब करून पाहा. २०२४ च्या खरिपात बीटी कपाशीच्या ४७५ ग्रॅमच्या पाकिटाची कमाल किंमत ८६४ रुपये होती, २०२५ मध्ये ती ९०१ रुपये झाली. एकरी दोन पाकिटे धरली, तर बियाण्याचाच खर्च सुमारे १,८०० रुपये होतो. त्यात सरत्यांची मजुरी, पुन्हा वखरपाळी आणि हातचे गेलेले दिवस धरा. कोरडवाहू पाच एकरांच्या शेतकऱ्याला ही रक्कम पीककर्जातून किंवा उधारीतून आणावी लागते. सोयाबीनमध्ये बियाणे एकरी २६ ते ३० किलो लागत असल्याने दुबार पेरणीचा फटका आणखी मोठा बसतो.

म्हणून पुढील नियम पाळावेत.

- कोरडवाहू पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर आणि जमिनीत पुरेशी ओल असल्याची खात्री करूनच करावी.
- हा पाऊस मोजताना महिनाभरातील पाच-पाच मिलिमीटरच्या सरींची बेरीज धरू नये. मधल्या उन्हात ते पाणी उडून गेलेले असते. तसेच एका तासात कोसळलेला मोठा पाऊस बराचसा वाहून जातो. चार-सहा दिवसांत टप्प्याटप्प्याने मुरलेला पाऊस खरा उपयोगी असतो.
- कपाशीची लागवड १ जूननंतरच करावी. मे महिन्यात ओलिताखाली लावलेल्या कपाशीला लवकर पात्या-फुले येतात आणि गुलाबी बोंडअळीच्या पहिल्या पिढीला खाद्य मिळते. एका शेतातील घाईची किंमत सगळ्या शिवाराला मोजावी लागते.
- धूळपेरणी करायचीच असेल, तर सगळे क्षेत्र एकाच दिवशी पेरू नये. भारी, ओल धरणाऱ्या जमिनीतील थोड्या क्षेत्रापुरती ती मर्यादित ठेवावी. हलक्या, मुरमाड जमिनीत ती टाळावी. सोयाबीनची धूळपेरणी करू नये.
- वळवाच्या सरीचा उपयोग मशागतीसाठी करावा. ढेकळे फुटतात, वखरपाळी सोपी जाते आणि उगवलेले पहिले तण पेरणीपूर्वी मारता येते. फसव्या पावसाचा हाच खरा फायदा आहे.

संत्रा बाग : आंबिया आणि मृग, दोघांची गरज वेगळी

आंबिया बहार : झाडावर फळे आहेत आणि उष्णता ४३-४५ अंश आहे, अशा वेळी पाण्याचा एकही खंड फळगळ वाढवतो. पाणी रात्री किंवा पहाटे द्यावे. ठिबक असल्यास एकदम जास्त देण्यापेक्षा रोज विभागून द्यावे. आळ्यात सोयाबीन किंवा गव्हाच्या कुटाराचे ५ ते १० सेंटिमीटर जाडीचे आच्छादन करावे. ते बुंध्याला चिकटू देऊ नये. जोराची सर येऊन गेल्यावर ‘पाऊस झाला’ म्हणून ओलित बंद करू नये. आधी वीतभर खणून पाहावे. १०-१५ मिलिमीटरच्या सरीने घनदाट झाडाखालची माती अनेकदा भिजतही नाही. कडक उन्हात फवारणी टाळावी, पाने भाजतात.

मृग बहार : येथे झाडाला मुद्दाम ताण दिलेला असतो. मेअखेरच्या सरीची भीती याच बागायतदाराला जास्त असते. ५-१० मिलिमीटरच्या सरीने मुळांचा थर भिजत नाही, त्यामुळे घाबरून लगेच पाणी किंवा खत देऊ नये. मोठी सर आली असेल, तर १५ ते २० सेंटिमीटर खोलीवर ओल गेली का ते पाहावे. ओल तिथपर्यंत नसेल, तर ताण चालू ठेवावा. ओल पोहोचली असेल आणि पालवी फुटण्याची लक्षणे असतील, तर ताण पुन्हा देता येईल का, की ओलित सुरू करून बहार धरायचा, हे जमिनीच्या प्रकारावर आणि झाडाच्या वयावर अवलंबून असते. संजीवकांची फवारणी दुकानदाराच्या सांगण्यावरून न करता, बागेची स्थिती दाखवून कृषी विद्यापीठ, कृषी विज्ञान केंद्र किंवा नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेतील तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

वादळानंतर मोडलेल्या फांद्या आरीने स्वच्छ कापून त्यावर बोर्डो पेस्ट लावावी. गारांचा मार बसला असेल, तर जखमांतून बुरशी शिरण्याआधी शिफारशीत बुरशीनाशकाची फवारणी करावी.

उन्हाळी पिके आणि काढलेला माल

- उन्हाळी मूग, तीळ व भुईमूग काढणीला आला असेल, तर पुढील दोन-तीन दिवसांचा अंदाज पाहून काढणी टप्प्याटप्प्याने करावी. दुपारनंतर शेतात पसरलेला माल ठेवू नये. ताडपत्री आधीच शेतात नेऊन ठेवावी.
- भुईमुगाच्या शेंगा भिजल्यास ढीग करू नये. पातळ पसरून वाळवाव्यात. ओल्या ढिगात बुरशी येऊन दाण्यात विष तयार होण्याचा धोका असतो.
- भंडारा-गोंदिया भागातील उन्हाळी धान कापल्यावर बांधीत पडू देऊ नये. मळणी व वाहतुकीची सोय झाल्यावरच कापणी सुरू करावी.
- भाजीपाल्यात ऊन वाढल्यावर टोमॅटो व मिरचीची फुलगळ होते. हलके, पण वारंवार ओलित द्यावे. पश्चिमेच्या बाजूला शेवरी, मका किंवा शेडनेटचा आडोसा असल्यास झळ आणि वारा दोन्ही कमी होतात.
- घरचे सोयाबीन बियाणे टिनाच्या छपराखाली ठेवू नये. उष्णता आणि मग दमट हवा, या दोहोंच्या फेऱ्यात उगवणशक्ती झपाट्याने घसरते. पोती लाकडी फळ्यांवर, हवेशीर खोलीत ठेवावीत, थप्पी सात-आठ पोत्यांपेक्षा उंच करू नये. या आठवड्यात १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासावी. किमान ७० दाणे उगवले, तरच नेहमीच्या प्रमाणात पेरावे.

माणसे आणि जनावरे आधी

पीक पुन्हा घेता येते. शेतातील कामे सकाळी ६ ते ११ आणि सायंकाळी ४ नंतर करावीत. मजुरांसाठी सावली, पाणी, मीठ-साखरेचे पाणी किंवा ओआरएस ठेवावे. काम करताना कोणी असंबद्ध बोलू लागले, अंग तापून कोरडे पडले किंवा चक्कर येऊन पडले, तर त्याला सावलीत नेऊन अंगावर पाणी टाकावे, वारा घालावा आणि १०८ वर फोन करावा. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.

कोंदट दिवशी धोका आणखी वाढतो. ४१ अंश आणि दमट हवा ही ४४ अंशांच्या कोरड्या दिवसापेक्षा शरीराला जड जाऊ शकते, कारण घाम सुकत नाही. आकडा उतरला म्हणून निर्धास्त होऊ नये.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजावेत. ३० सेकंदांपेक्षा कमी असतील, तर वीज साधारण १० किलोमीटरच्या आत आहे. लगेच पक्क्या घरात जावे. झाडाखाली, विजेच्या खांबाजवळ, विहिरीवर थांबू नये. ट्रॅक्टर, तारेचे कुंपण व सिंचनाचे लोखंडी पाइप यांपासून दूर राहावे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. बैल, गाई झाडाला बांधून ठेवू नयेत. दुपारच्या आधीच त्यांना गोठ्यात आणावे.

फळपीक विमा : केंद्राचा आकडा इथे पैशाचा असतो

हवामान आधारित फळपीक विमा योजनेत भरपाई तुमच्या बागेतील नुकसान पाहून नव्हे, तर महसूल मंडळातील संदर्भ हवामान केंद्राच्या नोंदीवरून ठरते. अवेळी पाऊस, कमी तापमान, जास्त तापमान यांच्या ठरावीक मर्यादा सलग ठरावीक दिवस ओलांडल्या गेल्या, तरच भरपाई लागू होते. केंद्र चुकीचे दाखवत असेल, तर त्याचा परिणाम सगळ्या मंडळातील बागायतदारांवर होतो. चूक दोन्ही बाजूंनी होऊ शकते. जास्त दाखवणारा सेन्सर बातमीत येतो. कमी दाखवणारा किंवा बंद पडलेला सेन्सर मात्र कोणाच्या लक्षात येत नाही.

- आपल्या मंडळाचे संदर्भ केंद्र कुठे आहे, हे माहीत करून घ्यावे. त्यावर झाडाची सावली, वेलींचा विळखा, शेजारी भिंत किंवा काँक्रीट आले असल्यास छायाचित्रासह तालुका कृषी अधिकाऱ्यांना लेखी कळवावे.
- त्या वर्षीच्या शासन निर्णयातील आपल्या फळपिकाच्या मर्यादा व तारखा वाचून ठेवाव्यात.
- गारपिटीचे अतिरिक्त संरक्षण घेतले असल्यास, नुकसान झाल्यापासून ७२ तासांच्या आत सूचना द्यावी. छायाचित्रे तारखेसह ठेवावीत.
- स्वतःच्या वहीतील नोंदी विम्यासाठी अधिकृत पुरावा ठरत नाहीत. पण दहा शेतकऱ्यांच्या वह्या एकच गोष्ट सांगत असतील, तर केंद्र तपासण्याची मागणी जोरकसपणे करता येते.

कृषी सहायक व विस्तार कार्यकर्त्यांसाठी

गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आकडा पुढे पाठवताना त्यासोबत केंद्राचे नाव, तारीख, वेळ आणि स्रोत लिहावा. ‘नागपूर ५६’ असे न लिहिता ‘रामदासपेठ स्वयंचलित केंद्र, प्राथमिक नोंद, पडताळणी बाकी’ असे लिहिले, तर घबराट होत नाही. गावातील चार दिशांना चार शेतकऱ्यांकडे साधी पर्जन्यमापके बसवून त्यांच्या नोंदी रोज सकाळी ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहाव्यात. पेरणीचा सल्ला देताना ‘पाऊस झाला’ हे शब्द टाळावेत. किती मिलिमीटर झाला, किती दिवसांत झाला आणि ओल किती खोल गेली, हे तिन्ही सांगावे.

थोडक्यात : या आठवड्यातील रोजची पाच कामे

१) सकाळी साडेआठला पर्जन्यमापक पाहून वहीत नोंद करावी.
२) जिल्ह्याचा अंदाज व इशाऱ्याचा रंग पाहावा. मंगळवारी व शुक्रवारी कृषी सल्ला वाचावा.
३) दुपारी १२ पूर्वी काढलेला माल झाकावा, जनावरे आत घ्यावीत.
४) दुपारनंतर आकाश व दामिनी ॲपवर लक्ष ठेवावे.
५) सर आल्यास दुसऱ्या दिवशी वीतभर खणून ओल पाहावी. ओलित, ताण आणि पेरणी यांचा निर्णय त्यानंतरच घ्यावा.

तापमानाचा आकडा कितीही मोठा असला, तरी तो पडताळता येतो आणि चुकला असेल तर दुरुस्तही करता येतो. पेरलेले बियाणे मात्र जमिनीतून परत काढता येत नाही. म्हणून तिफण जुंपण्याआधी एकदा खुरपे हातात घ्या आणि आपल्या जमिनीतली ओल स्वतः पाहा.